उसनी चाल

नॉरे क्लिट हे आमचं गाव एवढंसं, वाळूच्या टेकड्यांमागे समुद्राकडे पाठ करून बसलेलं, आणि त्यात बेकऱ्या दोन. खरं तर एक पुरून उरली असती. पण गावात माणसं दोन तऱ्हेची होती, प्रार्थनागृहवाली आणि सभागृहवाली. प्रार्थनागृहवाले नाचत नसत, पत्त्यांना हात लावत नसत, दारूला शिवत नसत आणि सिनेमाला तर नरकाचा दिंडी दरवाजाच म्हणत. सभागृहवाले हे सगळं करत आणि शनिवारी अंमळ जास्तच करत. आता पाप्याच्या हातचा पाव पुण्यवानाने खायचा कसा? म्हणून दोन बेकऱ्या, दोन वाणी, दोन सुतार. सुईण मात्र एकच होती. त्या घटकेला कुणी चौकशा करत बसत नाही.

पुण्यवानांची बेकरी लाउरिट्सची. प्रार्थनागृहाचा अध्यक्षही तोच. बोलायला मोजका, मनाने स्वच्छ, स्वतः खोटं बोलत नसल्यामुळे दुसराही बोलत नसणार असं धरून चालणारा. असा नवरा मिळणं भाग्याचं, पण त्याच्यापासून काही लपवायची वेळ आली तर त्याच्याइतका जाचक माणूस नाही. त्याची बायको थीरा दिवसभर दुकानात उभी राही आणि रविवारी प्रार्थनागृहातली पायपेटी वाजवी. भट्टीच्या वरच्या उबदार खोलीत लाउरिट्सची आई किर्स्टीनबाई असे. एक्क्याऐंशीची, काठीसारखी ताठ. गावातल्या निम्म्या पोरींनी तिच्या नजरेच्या धाकाने ओठ रंगवले नव्हते, आणि उरलेल्या निम्म्या तिच्या खिडकीखालून जाताना पुसून टाकत.

छप्पन्न सालच्या त्या कडक हिवाळ्यात थीराचे दात काढायचं ठरलं. एकदाचे सगळे काढून कवळी बसवून टाकली की पुढची कटकट मिटली, असा तेव्हा आमच्याकडे हिशेब असे. त्यासाठी दर गुरुवारी बस धरून तिला बंदराच्या शहरात जावं लागे. अशाच एका गुरुवारी दंतवैद्याने उरलेले चार दात उपटले आणि तोंडात कापूस कोंबून तिला रस्त्यावर सोडलं. परतीची बस सुटायला अजून बराच वेळ होता. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर गोठावं. समोर सिनेमागृह होतं. थीरा आडोशाला म्हणून त्याच्या दारात उभी राहिली, तर तिकीटवाली म्हणाली, "दारात काय कुडकुडता बाई? शेगडी आत आहे. तिकीट तेवढं काढा."

ती आत गेली ती शेकायला. पडद्याकडे बघायचं नाही असं मनाशी पक्कं करून शेवटच्या रांगेत बसली. पाच मिनिटांनी ती तोंडाला रुमाल धरून हसत होती, आणि हसताना हिरड्या इतक्या दुखत होत्या की डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

सिनेमाचं नाव होतं 'चंद्राला सुट्टी'. तुम्ही ऐकलं नसेल, कुणीच ऐकलेलं नाही. राजधानीतल्या वर्तमानपत्राने त्याला कोमट दुधाचं सूप म्हणून निकालात काढलं होतं आणि तो आमच्या बाजूला आला तोवर त्याच्या चित्रावर पावसासारख्या रेघा पडल्या होत्या. त्यात थोर असं काही नव्हतं. नायकाचे कान मोठे होते, नायिका धावताना टोपी धरायची विसरायची, आणि भांडण ऐन रंगात आलं की दोघं गायला लागायची. पण त्यातली माणसं एकमेकांवर रागावली तरी रागावलेली राहत नसत. चुकली तर कुणीतरी हसे आणि त्यांना जेवायला वाढे. थीराला असं जग असतं हे माहीत नव्हतं. तिच्या जगात चूक झाली की आधी गुडघे टेकायचे, आणि जेवण नंतर.

घरी येताना बसमध्ये तिने ठरवलं की झालं ते झालं, आता कानाला खडा. पुढच्या गुरुवारी कवळी बसली, पण त्याच आठवड्यात खाडी गोठली, नव्या सिनेमाचे डबे पलीकडच्या काठावर अडकले आणि इकडे जुनाच पुन्हा लावला. थीरा पुन्हा आत गेली. त्याच्यापुढच्या गुरुवारीही तोच सिनेमा होता, पण दंतवैद्याचं काम संपलेलं होतं. ती लाउरिट्सला म्हणाली, "कवळी टोचतेय, दाखवून येते." तो काळजीने म्हणाला, "सकाळचीच बस धर. अंगावर काढू नकोस." कवळी टोचत नव्हती. पहिल्यांदा ती चुकून गेली होती, दुसऱ्यांदा मोहाने, पण ही तिसरी खेप तिने नवऱ्याच्या काळजीच्या पैशांवर केली. पडद्यावर सगळे हसत होते आणि ती घामेजून बसली होती. तरी उठून मात्र गेली नाही.

मनातलं पाप तोंडातून बाहेर पडतं म्हणतात. थीराचं बोटांतून पडलं. रविवारी प्रार्थनेआधी लोक येऊन बसेपर्यंत ती हळू काहीतरी वाजवत असे. त्या रविवारी तिचं लक्ष नव्हतं. बोटं आपापली चालत होती, आणि ती भानावर आली तेव्हा पायपेटीतून 'चंद्राला सुट्टी'तलं होडीतलं गाणं निघत होतं. नेहमीच्या सवयीने तिने ते स्तोत्राच्या संथ लयीत धरलं होतं, एवढंच. मध्येच थांबली असती तर सगळ्यांनी माना वर केल्या असत्या, म्हणून तिने ते शेवटपर्यंत नेलं.

मग पहिल्या बाकावरून किर्स्टीनबाई म्हणाली, "पुन्हा वाजव."

इथे आमच्या गावाची गंमत कळते. दुसऱ्या कुठल्याही गावात कुणीतरी फिसकन हसून म्हणालं असतं, अगं, हे तर सिनेमातलं! पण इथे ज्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता ते ओळखणार कसं, आणि एखाद्याने ओळखलंच तर तो बोलणार कसा? तिने पुन्हा वाजवलं. आमच्यात एकच स्तोत्र दोनतीन चालींवर म्हणायची पद्धत आहेच. तिसऱ्या खेपेला लाउरिट्सने आपल्या भरड्या आवाजात त्या चालीत बसणारं एक जुनं स्तोत्र धरलं, 'थकल्या लेकरा, घरी ये'. सगळे गाऊ लागले. दोन बायकांनी डोळे पुसले. महिनाभरात ती चाल घराघरांत गेली. पीठ मळतानाही लाउरिट्स तीच गुणगुणे, आणि ते कानावर आलं की दुकानात थीरा सुटे पैसे मोजताना चुके.

मार्चमध्ये ऑर्हूसहून मिशनरी ब्रेग्नहोल्ट आले. गोल चेहऱ्याचे, खणखणीत आवाजाचे. नाचगाण्यावर असं बोलत की ऐकणाऱ्याला स्वतःच्या पायांची भीती वाटावी. चाल सुरू झाली तसं ते मान डोलवू लागले. मग डोलणारी मान थांबली. त्यांनी थीराच्या पाठीकडे टक लावून पाहिलं. कॉफीच्या वेळी कप घेऊन ते तिच्याजवळ आले.

"सुंदर चाल. मी ही कुठेतरी ऐकली आहे."

थीराने केकची ताटली पुढे केली. "कुठे ऐकलीत?" तिने विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडून गेलं.

मिशनरींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आधी त्यांचे कान लाल झाले, मग मान, मग तो गोल चेहरा. इतका लाल की शेजारच्या बाईने खिडकी उघडली.

"स्वीडनची असेल," ते म्हणाले.

"हो, स्वीडनचीच," थीरा म्हणाली.

अळीमिळी गुपचिळी. लाउरिट्सने मागून ऐकलं आणि खूश होऊन चारचौघांना सांगितलं की चाल स्वीडनची आहे, दस्तुरखुद्द मिशनरींनी ओळखली. थीराला त्या घटकेला हसू यायला हवं होतं, त्या सिनेमात आलं असतं. पण तिला वाटलं ते एवढंच की आपलं खोटं आता पोरकं राहिलं नाही, त्याला बाप मिळाला. आणि ज्या एका माणसापाशी जाऊन मन मोकळं करता आलं असतं तोही गेला. त्यानंतर ब्रेग्नहोल्ट आले की दोघं एकमेकांना टाळत.

एप्रिलमध्ये किर्स्टीनबाईने अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, त्यावर औषध नाही. ती दुखण्याला घाबरणारी नव्हती. पण दुसऱ्याच एका भीतीने तिला धरलं होतं, आणि ते घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. जन्मभर दुसऱ्यांच्या सुटकेबद्दल इतकी ठाम असलेली बाई आता छताकडे बघत पुटपुटे, "मला नाही घेणार. मला दारातूनच परत पाठवतील." लाउरिट्स तिच्या उशाशी बसून वचनं वाचे. ती ऐकून घेई आणि म्हणे, "ही तुझ्यासारख्यांसाठी आहेत, बाळ." लाउरिट्स खाली येई, भट्टीसमोर उभा राही, आणि त्याचे मोठे पीठ लागलेले हात लोंबत राहत.

एका दुपारी अंथरुणाची चादर बदलताना थीराच्या तोंडून ती चाल निघाली. पुन्हा नकळतच. म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"थांबू नकोस."

थीरा गुणगुणत राहिली. म्हातारीच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल झाल्या. "हे ऐकलं ना," ती म्हणाली, "की वाटतं मला माफ केलंय. का ते विचारू नकोस. वचनांनी होत नाही ते ह्याने होतं."

मग ते रोजचंच झालं. दुपारी दुकान बंद असताना थीरा वर जाई, गुणगुणे, आणि म्हातारी लहान मुलासारखी झोपे. लाउरिट्सचा चेहरा उजळला. "तुझ्यामुळे आईला शांती मिळाली," तो म्हणाला. खाई त्याला खवखवे. नवरा कौतुक करी आणि तिला जेवण जात नसे.

आणि मग एक दिवस म्हातारी म्हणाली, "मला पुरल्यावर प्रार्थनागृहात हेच वाजव. आणि थीरा, हे कुणाला सुचलं ते शोधून काढ. फार रडलेल्या माणसाचं असणार. त्याच्यासाठी मला प्रार्थना करायची आहे, मी जायच्या आत."

थीरा जिना उतरली आणि पिठाच्या पोत्यावर बसली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सांगावं तर मरणाच्या दारातल्या बाईची एकुलती एक शांती हिरावून घ्यायची. न सांगावं तर आई देवासमोर जाणार ती सिनेमाच्या गाण्याला दैवी खूण समजून, आणि तिथे तिला कुणी विचारलं तर? थीराचा ह्या गोष्टींवर विश्वास होता, हे विसरू नका. तिच्यासाठी ते दार आणि तो विचारणारा खराखुरा होता. आपण गंमत म्हणून चोरलेली वस्तू दुसऱ्याच्या गाठोड्यात बांधून त्याला सीमेवर पाठवतोय, असं तिला वाटत होतं. दोन दिवस ती झोपली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ती वर गेली आणि खाटेपाशी उभ्यानेच सगळं बोलून मोकळी झाली. दात, शेगडी, तिकीट, टोचत नसलेली कवळी, सगळं.

किर्स्टीनबाईने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

"म्हणजे नाचगाण्याचं," ती म्हणाली.

"हो, आई."

"आता तुला हलकं वाटत असेल."

थीराला खरंच वाटत होतं. तेच तर वाईट होतं.

"वाटणारच. ओझं तुझ्या डोक्यावरून उतरलं आणि माझ्या उशाशी आलं. मी आता ते कुठे ठेवू, सांग? मला उठून चार पावलं टाकता येत नाहीत." ती भिंतीकडे वळली. "जा. दुकान उघडायची वेळ झाली."

त्यानंतरचे दिवस थीराला पुढे आयुष्यभर आठवत राहिले. म्हातारीने गुणगुणू दिलं नाही. काळ्या पावाची गोड पेज चमच्यात तशीच गार होई. डोळे उघडे ठेवून ती पडून राही आणि कुणी दार उघडलं की दचके. लाउरिट्स बायकोला म्हणाला, "परवापर्यंत कशी शांत होती! काय झालं असेल गं?" थीरा पाव मोजत राहिली. खरं बोलणं हे चांगलंच असतं असं तिला लहानपणापासून शिकवलं होतं. पण तिने खरं बोलताना म्हातारीचा विचार केला नव्हता, तिला फक्त स्वतःला झोप हवी होती. हे तिला आता स्पष्ट दिसलं, आणि सिनेमा बघितल्याची लाज ह्या लाजेपुढे काहीच नव्हती.

शनिवारी दुपारी वरून काठी आपटल्याचा आवाज आला. थीरा हात पुसत धावली.

"दार लाव," किर्स्टीनबाई म्हणाली. "बस. आता सांग, होतं काय त्या सिनेमात?"

"आई, कशाला ते आता?"

"कशाला म्हणजे? मला त्याचा जाब द्यावा लागणार असेल तर निदान काय होतं ते तरी कळू दे. न खाल्लेल्या केकचे पैसे मी कधी दिले नाहीत."

थीराने खुर्ची ओढली. "एक पियानोचे सूर जुळवणारा असतो. पाले नावाचा. सायकलवरून गावोगाव हिंडतो."

"बायकोमुलं?"

"नाहीत. सडाफटिंग."

"मग हिंडणारच. पुढे?"

"तो समुद्रकाठच्या एका मोठ्या हॉटेलात पियानो जुळवायला येतो. तिथे त्याच दिवशी व्हिएन्नाचा एक मोठा संगीतकार यायचा असतो. हॉटेलवाल्याला वाटतं, हाच तो."

"आणि हा सांगत नाही मी नव्हे म्हणून?"

"सांगायला तोंड उघडतो, तेवढ्यात त्याच्यापुढे भाजलेलं बदक येतं."

"खोटारडा," किर्स्टीनबाई म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "लाल कोबी होता बरोबर?"

"होता. आणि साखरेत परतलेले बटाटे."

"हं. मग माणूस अडकतो खरा. पोरगी कोण?"

"हॉटेलवाल्याची मुलगी लिस. तिचं लग्न एका मार्गारीनच्या, म्हणजे नकली लोण्याच्या, कारखानदाराच्या मुलाशी ठरलंय. तो जेवताना मार्गारीनचे भाव सांगतो."

"असे असतात. माझ्या बहिणीचा नवरा डुकरांचे सांगायचा."

थीराने हळूहळू सगळं सांगितलं. शनिवारच्या जलशासाठी नवं गाणं रचून द्या, असं हॉटेलवाला पालेच्या मागे लागतो. त्याला एकही ओळ सुचत नाही. शेवटी स्वयंपाकीण कढया घासताना जो ठेका निघतो त्यावरून त्याला चाल सुचते. ती कढयांची जागा थीराने उशाशेजारच्या पितळी घंटीवर चमच्याने वाजवून दाखवली. मग होडी. लिस आणि तो रागारागाने धक्क्यावरून होडीत उतरतात, पलीकडच्या काठावर जाऊन सगळं खरं सांगून टाकायचं म्हणून तो वल्ही मारायला लागतो. गाणं सुरू होतं, आज चंद्राला सुट्टी, आज बघणारं कुणी नाही. तो मारतोय वल्ही, मारतोय वल्ही, दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघतायत, गाणं संपतं, आणि होडी तिथेच.

"तिथेच कशी?"

"धक्क्याचा दोर सोडलेलाच नसतो."

किर्स्टीनबाईने दोन क्षण तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या छातीतून एक विचित्र आवाज आला. थीरा घाबरून उठली, पण म्हातारी हसत होती. "गाढवं," ती म्हणाली, "दोर सोडला नाही!" आणि हसता हसता तिला ठसका लागला. थीराने तिला उठवून बसवलं, पाणी पाजलं. तीही हसत होती, आणि दोघींनाही ठाऊक होतं की खाली भट्टीवर लाउरिट्स आहे, म्हणून दोघी तोंडं दाबून हसत होत्या.

"मिळतात का एकमेकांना?"

"मिळतात."

"आणि मार्गारीनवाला?"

"त्याला स्वयंपाकीण मिळते."

"बरं झालं. त्याला निदान खरं लोणी कळेल." म्हातारी उशीवर टेकली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "माझ्या नवऱ्याकडे अकॉर्डियन होतं. हे लाउरिट्सला माहीत नाही, तो पाळण्यात होता. माझं मन पालटलं आणि मी प्रार्थनागृहात जायला लागले, त्या वर्षी मी येन्सला म्हटलं, हे घरात राहणार असेल तर मी नाही. त्याने वाद घातला नाही. स्वतःच्या हाताने भट्टीत घातलं. जळताना त्यातली हवा बाहेर आली, थीरा, आणि एक सूर निघाला. लांबलचक. त्यानंतर तो किती वर्षं जगला, पण त्याने साधी शीळ घातली नाही. माझ्याशी नेहमी चांगलाच वागला."

थीराने तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"तू गुणगुणायचीस तेव्हा वाटायचं, कुणीतरी मला माफ करतंय. मला वाटलं, देव. तू ते सांगितलंस तेव्हा फार चिडले तुझ्यावर. पण आता पडल्या पडल्या वाटतं, तो येन्स असेल."

खाली पावांचे पत्रे सरकवल्याचा आवाज झाला. थीराने खुर्ची सोडून गुडघे टेकले. लहानपणापासून एवढंच तिला येत होतं. "आई, आपण क्षमा मागू या. दोघी मिळून."

"कशाची?"

"सिनेमाची. मी बघितला, तुम्ही ऐकलात."

"तुला तो बघितल्याचं वाईट वाटतंय का? खरं सांग, आता तरी."

थीराने मनात शोधलं. लाउरिट्सशी खोटं बोलल्याचं वाईट वाटत होतं. म्हातारीला छळल्याचं तर इतकं वाटत होतं की श्वास घेताना दुखे. पण त्या काळोखात, शेगडीशेजारी, रुमालात हसलेले ते तास नसते तर बरं झालं असतं, असं काही केल्या वाटेना.

"नाही," ती म्हणाली.

"मलाही नाही. मग जिचं वाईट वाटत नाही त्या गोष्टीची क्षमा कशी मागायची? आता शेवटच्या घटकेला देवाशी खोटं बोलू?"

"मग काय करायचं?"

"मग काय. तशीच जाते." तिने थीराच्या डोक्यावर हात ठेवला. तिचा हात अजून जड होता. "येन्सची मागायची ती त्याच्याकडेच मागेन, भेटू दिलं तर. गाणं वाजव. पण लाउरिट्सला ह्यातलं काही सांगू नकोस. त्याला पेलवणार नाही. तुला हलकं व्हायचं होतं, झालीस एकदा. आता पुन्हा नाही."

मंगळवारी सकाळी, खाली पहिला पाव भट्टीतून निघत असताना, किर्स्टीनबाई गेली. ती शांत होती की नुसतीच थकलेली, ते थीराला सांगता आलं नसतं.

दफनानंतर सगळे प्रार्थनागृहात कॉफीला जमले. रीतीप्रमाणे टेबलावर सात प्रकारचे केक होते, लाउरिट्सने स्वतः रात्रभर जागून केलेले. मिशनरी ब्रेग्नहोल्ट मुद्दाम आले होते आणि खिडकीपाशी पाठ करून उभे होते. थीरा पायपेटीशी बसली आणि तिने ते गाणं वाजवलं. लोकांनी 'थकल्या लेकरा'चे शब्द त्यावर म्हटले. ती एकटीच दुसरे शब्द ऐकत होती, चंद्राला सुट्टी दिल्याचे. देवाच्या घरात, सासूच्या शवपेटीवरची माती ओली असताना. बोटं मात्र एकदाही चुकली नाहीत, आणि त्याचीही तिला लाज वाटली.

गाणं संपल्यावर लाउरिट्स तिच्याजवळ येऊन बसला. डोळे सुजलेले, कॉलर वर आलेली.

"शनिवारी तू वर बराच वेळ होतीस," तो म्हणाला. "मी खालून ऐकत होतो. शब्द कळले नाहीत, पण ती रडत होती ना? तोंड दाबून?"

थीराने त्याच्याकडे पाहिलं.

"मला एकच सांग. मी तिला किती वचनं वाचली, तिने मला काही सांगितलं नाही. तिने क्षमा मागितली का शेवटी? तुझ्यापाशी?" त्याचा आवाज फुटला. "कारण ती तशीच गेली असेल, तर मला ते सहन होणार नाही, थीरा."

मागितली, असं म्हणता आलं असतं. कुणाकडे आणि कशाची, ते सांगायचं नाही, म्हणजे खोटंही झालं नसतं. ती पळवाट तिला दिसली, आणि ती घेणं हे नुसत्या खोट्याहून वाईट आहे हेही दिसलं. खरं सांगून टाकावं अशी एक जबर ओढ तिच्या घशापर्यंत आली. सांगितलं की आज रात्री झोप लागेल. आणि उद्यापासून हा जागा राहील.

"हो," ती म्हणाली. "मागितली. देवाकडे. दोघी मिळून मागितली आम्ही."

"देवाचे आभार," लाउरिट्स म्हणाला. "आणि तुझे." त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. चारचौघांत त्याने असं कधी केलं नव्हतं. सगळे बघत होते. आपला हात त्याच्या हातांतून काढून घ्यावा असं तिला फार वाटलं, पण तिने तो तिथेच राहू दिला.